पोटखराब

सातबाऱ्यावर या तलावाचं नाव नाही,
नुसतं लिहिलंय: पोटखराब. लागवडीस अयोग्य.
तो उतारा मीच छापते, सेतूच्या चार नंबर खिडकीत,
कूलरच्या ओल्या वाळ्याच्या वासात.
शिक्का. सही. पुढचा.

रविवारी पहाटे साडेपाचला उमरेड रोडवर आम्ही सात जण:
एक कवळ्या बसवणारा, कॉलेजची तीन पोरं,
एक निवृत्त कंडक्टर, जो अजूनही गाडीत उभाच राहतो,
नंदनवनच्या शिवणक्लासवाल्या बोंद्रेबाई,
आणि मी. डिकीत घमेली खडखडतात.

आधी वाट.
सालईटोल्यापासून तलावापर्यंत, सागातून, दीड किलोमीटर.
गेल्या पावसाळ्यात पाणी तिच्यावरूनच चालत गेलं,
माणसासारखं, मधोमध,
आणि गुडघाभर घळ ठेवून गेलं.
वनरक्षक उईके सब्बलीनं मातीवर रेघ ओढतो.
"दगड आडवे नाही, तिरपे.
पाण्याची वाट लावा मॅडम,
नाही तं पाणी वाटेची वाट लावते."
एक दगड बसवायला चाळीस मिनिटं.
हलतो. काढा. खाली मुरूम भरा. वर उभं राहून नाचा.
बोंद्रेबाई खरंच नाचल्या.
दिवसभरात अकरा दगड.
रात्री कमरेनं ते पुन्हा एकेक मोजले.

मग तलाव. तो तर दिसेचना.
पाळीपासून पाळीपर्यंत बेशरम,
तिची ती जांभळट फुलं. नवखा म्हणेल, बाग आहे.
पहिल्या वर्षी आम्ही शहाण्यासारखी कापली,
विळ्यांनी, फोटो काढत काढत,
आणि ढीग पाळीवरच टाकून जेवायला बसलो.
दुसऱ्या वर्षी ढीग उभा होता. हिरवागार.

पारबताबाई नान्हे हसल्या, तोंडाला पदर न लावता.
"बेशरम तोडाची नसते बाई, उपडाची असते.
वाळवाची. जाळाची.
तिले जमीन लागत नाही,
विसरभोळा माणूस लागते."

त्यांच्यामागे गाळात उतरलो, मांड्यांपर्यंत.
मूळ डोळ्यांना दिसत नाही, तळपायाला कळतं:
मऊ, मऊ, मऊ, आणि मग काहीतरी
जे तुमच्याइतकंच हट्टी.

जुलैत त्या पलीकडच्या तलावातून टोपल्या आणतात:
देवधान, पोवन, गाद, चिऊल.
माझ्या संगणकात पिकांची यादी लांबलचक आहे,
त्यात यातलं एकही नाही.
मातीच्या गोळ्यात मूळ दाबायचं, वाकून खाली सोडायचं,
हात थोडा वेळ तसाच ठेवायचा.
"हे खातं कोण?" पोरांपैकी एकानं विचारलं.
"मासोळी यात अंडी देते. मासोळी आमी खातो.
तू बी खाजो. आंघोळ करून ये पण."

आता माझी गोष्ट.
यंदा मे महिन्यात, डब्याला मुंग्या लागू नयेत म्हणून
मी पाळीवर एक काठी रोवली, तिला पिशवी अडकवली.
संध्याकाळी पिशवी घेतली.
ऑगस्टमध्ये काठीला फूल.
सगळे गोल करून उभे. कंडक्टरनं टोपी काढली,
कोणी गेल्यासारखी.
पारबताबाईंनी एवढंच विचारलं, "पिशवी कोणाची होती?"
मी हात वर केला, शाळेतल्यासारखा.

मुळासकट उपडली. तिथे वाळेना,
म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून नागपूरला आणली,
मांडीवर घेऊन, डिकीत नाही.
तीन आठवडे झाले. गच्चीवर पडलीये, टाकीच्या बाजूला.
भाद्रपदाचं ऊन येतं, जातं.
ऑफिसातून आले की चपला न काढता वर जाते,
नखानं साल खरवडून बघते.

आतून अजून ओली.